रंगाला भाव, गावाला बट्टा

आज जरा भांडणाचा मूड आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. :-)

जुन्या चांदीच्या नाण्यांवर चढलेल्या रंगासाठी हल्ली जो वरचा पैसा मोजला जातो, तो मोजणाऱ्यांत आपल्यासारखीच मंडळी बरीच दिसतात. पगार बरा, शनिवार-रविवार मोकळा, म्युच्युअल फंडांचा थोडा कंटाळा आलेला, आणि आपल्या मातीतलं काहीतरी जवळ असावं ही हौस. हौसेला मोल नसतं, मान्य. पण या बाजारातली एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. नाण्याचा रंग विकला जातो, पण नाणं कुठल्या गावातून आलं हे कोणी सांगत नाही. आणि माझं म्हणणं असं की गाव सांगत नसतील तर रंगाला एक दमडी जास्त देऊ नये.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हवेत गंधकाचे वायू अगदी थोड्या प्रमाणात असतात. चांदीचा त्यांच्याशी संयोग होऊन वर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. हा पापुद्रा इतका पातळ असतो की पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसे रंग त्यात दिसतात. आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, आणि पापुद्रा जाड होत गेला की शेवटी काळा. आपल्या घरी याला ‘चांदी काळी पडली’ म्हणतात आणि दिवाळीच्या आधी चिंच लावून घासून काढतात. बाजारात यालाच ‘टोनिंग’ म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ग्रेड. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९४९ साली अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. मूळ कल्पना अशी की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. तो हिशोब कधीच मोडला, पण आकडे राहिले. ६० च्या पुढे म्हणजे व्यवहारात न फिरलेलं, टाकसाळीतून निघालं तसंच राहिलेलं नाणं. १९८६ आणि १९८७ मध्ये अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या दोन कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासतात, आकडा देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. या डबीला ‘स्लॅब’ म्हणायचं. उंच आकडा अधिक सुंदर रंग, म्हणजे किंमत गगनाला.

आता मूळ मुद्दा. रंग म्हणजे काय? रंग म्हणजे त्या नाण्याची लॉग फाइल. ते किती वर्षं कुठे पडून होतं, कापडात होतं की डब्यात, एकटं होतं की चवडीत, हे सगळं त्या पापुद्र्यात उतरलेलं असतं. चवडीतल्या सगळ्यात वरच्या रुपयाचा पूर्ण चेहरा रंगतो, मधल्यांच्या फक्त कडा रंगतात. कापडात घट्ट बांधलेल्या रुपयावर कधीकधी कापडाची वीणसुद्धा उमटते. म्हणजे रंगाला किंमत आहे ती त्याच्या मागे असलेल्या मुक्कामामुळे. आणि हा बाजार नेमका तो मुक्काम पुसून टाकतो आणि रंग तेवढा ठेवतो. लॉग फाइलमधला सगळा मजकूर उडवायचा आणि तिचा फाँट किती छान आहे म्हणून पैसे मागायचे, असला हा प्रकार!

उदाहरणाला गोरेगाव घ्या. गोरेगाव म्हटलं की लोक लगेच विचारतात, ईस्ट की वेस्ट? अहो ते नव्हे. हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्याआधी हे सगळं परभणी जिल्ह्यात होतं, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. राज्य निजामाचं तर पैसाही निजामाचा. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, हाली शिक्का. मीर महबूब अली खान आणि १९११ नंतर मीर उस्मान अली खान यांच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयांवर चारमिनार आहे, आणि चारमिनारच्या कमानीत एक अक्षर: महबूबच्या नाण्यावर ‘मीम’, उस्मानच्या नाण्यावर ‘ऐन’. हातात भिंग असेल तर बघा, मजा येते.

पण पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे, म्हणून तिथे चालायचा तो इंग्रजी रुपया. निजामाच्या मुलखात त्याला नाव होतं ‘कलदार’. म्हणजे हा सगळा पट्टा दोन चलनांच्या सीमेवर बसलेला. कापूस खामगावकडे नेऊन विकला तर हाती राणीछाप नाहीतर राजाछाप कलदार येणार, इकडेच विकला तर हाली. सारा मात्र भरायचा निजामाला. आणि बदलून घ्यायचा तर बट्टा. हिशोब साधारण असा की सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार.

हा बट्टा कुठून आला असेल? वजन करून बघा. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. १९४० पूर्वीचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. भागाकार केला की ०.८५५ येतात, आणि सहा भागिले सात म्हणजे ०.८५७. झालं की नाही बरोबर? बट्टा म्हणून लोक ज्याला नावं ठेवायचे तो जवळपास शुद्ध चांदीचाच हिशोब होता. (इंजिनिअरिंगची डिग्री शेवटी कुठेतरी कामाला आली.)

आता विचार करा, या पट्ट्यातल्या एखाद्या घरी एका गाडग्यात वीस हाली आणि बारा कलदार निघाले. ते बत्तीस रुपये एकत्र आहेत तोवर ते एक वाक्य आहे. हे घर कुठल्या पेठेत माल विकत होतं, कुठल्या साली हात राखून होतं, कुठल्या सालानंतर गाडग्यात भर पडणं थांबलं, हे सगळं त्या बत्तिसांच्या सालांवरून वाचता येतं. हिजरी सालं इकडची आणि इसवी सालं तिकडची, दोन्ही एका गाडग्यात. हाली रुपया संस्थान गेल्यावरही काही वर्षं चालला, १९५९ ला तो कायमचा बंद झाला. त्यानंतर गाडग्यात जे राहिलं ते राहिलं. मराठवाड्यातल्या साध्या घरांच्या पैशांचा इतिहास कुठल्या दप्तरात सापडणार? तो अशा गाडग्यांतच आहे.

आणि त्या गाडग्याचं पुढे काय होतं? लग्न निघतं, दवाखाना निघतो, पेरणीला पैसा लागतो. बत्तीस रुपये सराफाच्या काट्यावर जातात. तो वजन करतो, घट धरतो, चांदीच्या भावानं पैसे देतो. रंग, साल, टाकसाळ, काही नाही. हालीला कमी, कलदारला जास्त, म्हणजे तो जुना सात-सहाचा बट्टा अजून चालूच आहे. यातले बहुतेक रुपये वितळतात. पण चार-दोन असे असतात की टाकसाळीतून निघाले आणि थेट गाडग्यात गेले, बाजारात फिरलेच नाहीत. ते जाणकाराच्या नजरेतून सुटत नाहीत. ते बाजूला काढले जातात, एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटी मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात मखमलीवर येऊन बसतात. वाक्यातला एक शब्द तेवढा उचलला, बाकी वाक्य वितळवलं.

अशाच एका प्रदर्शनात एका विक्रेत्याला मी विचारलं होतं की हा निळा-गुलाबी चारमिनार रुपया कुठला. तो म्हणाला, ‘साहेब, कलर बघा ना!’ मी म्हटलं, कलर दिसतोय, पण आला कुठून? तर म्हणे, ‘जुन्या कलेक्शनमधून.’ हे ‘जुनं कलेक्शन’ म्हणजे आमच्या क्षेत्रातल्या ‘नोन इश्यू’सारखं आहे. ऐकणाऱ्यानं गप्प बसावं म्हणून वापरायचा शब्द.

बरं, न सांगितल्यानं बिघडतं काय? बिघडतं ते असं. तोच सिल्व्हर सल्फाइड साठ वर्षांत गाडग्यातही तयार होतो आणि एका दुपारी कोणाच्या स्वयंपाकघरातही होतो. उकडलेली अंडी, गंधक, शेगडीची ऊब, काहीबाही रसायनं, असले उद्योग जगभर चालतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं पदार्थ तोच, रंग तेच. फरक एवढाच की एकाच्या मागे साठ वर्षं आहेत आणि दुसऱ्याच्या मागे दुपारची सुट्टी. म्हणजे ‘नैसर्गिक टोनिंग’ म्हणून तुम्ही जो जादा पैसा देता तो कशासाठी देता? त्या साठ वर्षांसाठी. आणि विक्रेता नेमकी तीच साठ वर्षं सांगायला तयार नाही. हापूसचा भाव घेणारा आंबेवाला पेटी कुठली हे सांगत नसेल तर आपण काय म्हणतो? तोच न्याय इथे का नाही?

यावर येणारी उत्तरं मला पाठ आहेत, एकेक घेऊ.

पहिलं उत्तर: ‘ग्रेडिंग कंपनीनं तपासलंय ना!’ तपासलंय, खरं आहे. रंग बनावट वाटला तर त्या कंपन्या नेहमीसारखा आकडा देत नाहीत, ‘रंग शंकास्पद’ असा शेरा मारतात. रंगांचा क्रम चुकलाय का, रंग झळाळीच्या आत बसलाय की वर तरंगतोय, हे बघणारी त्यांची माणसं तयार असतात यात वाद नाही. पण ती माणसं नाणं बघतात, गाडगं बघत नाहीत. म्हणजे तोही शेवटी अंदाजच, फक्त चांगल्या डोळ्यांनी केलेला. बारकाईनं केलेलं काम ओळखू येत नाही हे उघड आहे, कारण जे ओळखू येतं ते बारकाईनं केलेलं नसतं. डबीवरचा आकडा हे एका माणसाचं त्या दिवसाचं मत आहे. नाण्याचा जन्मदाखला तो नव्हे.

आणि त्या डबीबद्दल अजून एक. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. त्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष धरलं जातं आणि ते देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. मग राणीछाप रुपया अमेरिकन डबीत बसलेला दिसला, तर तो त्या डबीत कधी आणि कुठे बसला हे विचारायला नको? उत्तर अगदी सरळ असू शकतं. नाणं शंभर वर्षांचं होण्याआधी गेलं असेल, किंवा आधीपासून परदेशातच असेल. पण मग ते उत्तर लिहून द्यायला काय हरकत आहे?

दुसरं उत्तर: ‘गाव सांगितलं तर त्या घरी चोर जातील, सरकारी माणसं जातील.’ या उत्तरात मात्र दम आहे. खेड्यातल्या घरी चांदीचे रुपये निघाले ही बातमी कोणालाच नको असते. पण घराचं नाव कोण मागतंय? तालुका सांगा. ‘सेनगाव तालुका, कौटुंबिक संचय’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं, त्यावरून कोणाचं दार सापडत नाही. सरकारचं म्हणाल तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात लपवलेल्या धनाला लागतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. माळवदाच्या भिंतीत सापडलं तर त्यात येतं. आजीनं पेटीतून काढून नातीला दिलेले रुपये त्यात येत नाहीत. मग गाव सांगायला नेमकं कोण घाबरतंय? ज्याचा माल पेटीतला आहे त्याला भीती नाही. म्हणजे ‘आम्ही गाव सांगत नाही’ या धोरणाचा खरा फायदा कोणाला, हे तुमचं तुम्ही ठरवा.

तिसरं उत्तर: ‘गावही खोटं सांगता येतं की!’ येतं. पण खोटं गाव पकडता येतं, खोटा रंग पकडणं अवघड. ‘पैनगंगेकाठचा संचय’ म्हणून कोणी दहा रुपये पुढे केले आणि त्यात एकही हाली नसेल, तर माझ्यासारखा नवखासुद्धा भुवया उंचावेल. लिहून दिलेल्या गोष्टीची उलटतपासणी होते, तिच्यावर सही असते, ती पुढच्या ग्राहकाकडे जाते. रंगाला कोण उलट प्रश्न विचारणार?

चौथं उत्तर सगळ्यात प्रामाणिक आहे: ‘मला सुंदर वाटतं म्हणून घेतो, गाव-बिव नको.’ मग माझं काहीच म्हणणं नाही. सुंदर वाटतं म्हणून घ्या, भिंतीवरच्या चित्रासारखं घ्या. पण मग ‘नैसर्गिक’, ‘दुर्मिळ’, ‘गुंतवणूक’ हे शब्द वापरू नका, आणि उद्या विकताना पुढच्या माणसाला ‘जुनं कलेक्शन’ सांगू नका.

ज्यांचं हे काम आहे ते लोक कसं बघतात हेही बघा. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. अशा कुठल्याही अभ्यासकाला नाणं दाखवा, तो पहिल्यांदा विचारणार, कुठे सापडलं? सोबत अजून काय होतं? सातवाहनांची कितीतरी माहिती आपल्याला अशा संचयांतून मिळाली. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची हजारो चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला हरवलं हे त्या एका ढिगानं सांगितलं. त्यातली रंगाला बरी अशी चारच नाणी कोणी उचलून बाकीची वितळवली असती तर? हाली रुपये तेवढे जुने नाहीत म्हणून त्यांच्याशी आपण तेच करतोय. दोन हजार वर्षांनी कोणी विचारेल म्हणून थांबायचं आहे का?

आता खेड्याच्या बाजूनं. तिथल्या माणसाला आज दोनच दारं माहीत आहेत. एक सराफाचा काटा. दुसरं मोबाइलवरची ती पोस्ट, ‘हे नाणं असेल तर लाखो मिळवा’. आधी थोडी ‘फी’ भरा म्हणणारी ही टोळी रिझर्व्ह बँकेचं नावसुद्धा वापरत होती. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगावं लागलं की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि असली कसलीही फी घेत नाही. एका दारात वजनाचा भाव, दुसऱ्या दारात फसवणूक. तिसरं दार उघडायचं तर ते आपल्यासारख्या ग्राहकांनीच उघडायला हवं, कारण वरचा पैसा आपल्या खिशातून जातो. आपण गावासाठी पैसे देऊ लागलो की गावाची माहिती वर येईल, आणि माहितीला किंमत आली की ती ज्याच्याकडे आहे त्यालाही चार पैसे जास्त द्यावे लागतील. आज ती माहिती फुकट फेकली जाते कारण तिला गिऱ्हाईक नाही.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. रंगासाठी जादा पैसे मागणाऱ्याकडून चार ओळी लिहून घ्या: नाणं कुठल्या तालुक्यातलं, कशात ठेवलेलं होतं, सोबत अजून कुठली नाणी होती, आणि ते कधी बाहेर आलं. चारही ओळी मिळाल्या तर खुशाल वरचा पैसा द्या, मीही देईन. ‘माहीत नाही’ असं लिहून दिलं तरी ते प्रामाणिक आहे, मग त्या नाण्याला साध्या नाण्याचा भाव द्या. आणि ज्यांच्या घरी गावाकडे अजून असे रुपये आहेत, त्यांनी विकण्याआधी सगळे एका चादरीवर मांडून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून दोन ओळी लिहून ठेवा. यासाठी मोबाइल पुरतो, भिंगसुद्धा लागत नाही.

एक राहिलं. लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये पंचामृतात धुऊन त्यांना हळद-कुंकू वाहतात, त्यावर ही हौशी मंडळी हळहळतात. ‘ग्रेड गेली हो, चाळीस हजाराचं नाणं घासलं!’ अहो, ते नाणं त्या घराचं आहे. दरवर्षी पाटावर येऊन बसणं हाही त्या नाण्याचा मुक्कामच आहे, आणि तो कोणाला विचारला तर घरातलं लहान पोरसुद्धा सांगेल. घासून गुळगुळीत झालेला, कुंकवाचा डाग कडेला राहिलेला गोरेगावचा हाली रुपया मी एका बाजूला ठेवीन, आणि दुसऱ्या बाजूला ६६ आकड्याचा, इंद्रधनुष्यासारखा, ‘जुन्या कलेक्शनमधला’. यातला खरा कुठला याची खात्री मला एकाचीच देता येते.

असो. भांडायचं असेल तर भांडा, फक्त येताना आपल्या नाण्याचं गाव घेऊन या. :-)